कॉन्टॅक्ट लेन्सचे सोल्युशन आणि ओलावा देणारे थेंब: सातारा-सांगलीच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत लेन्स बसवून देण्याचे काम करताना जे प्रश्न समोर बसून किंवा फोनवर सतत विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. तासगाव, विटा, कराड, फलटण अशा ठिकाणांहून पहिली लेन्स घेऊन गेलेली मंडळी आठवडाभरात हमखास फोन करतात, आणि तो फोन बहुतेक वेळा लेन्सच्या नंबराविषयी नसून सोल्युशनच्या बाटलीविषयी असतो. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असे लिहिले आहे. जेथे विषय दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. सोल्युशन आणि थेंब यांत फरक काय? एक असले की दुसऱ्याची गरज आहे का?

सोल्युशनचे काम लेन्स डोळ्यांतून काढल्यावर सुरू होते. ते लेन्सवरचा मळ सोडवते, जंतू मारते आणि रात्रभर लेन्स ओली ठेवते. थेंबांचे काम लेन्स डोळ्यांत असताना तिचा पृष्ठभाग ओला ठेवण्यापुरतेच असते. ते लेन्स निर्जंतुक करत नाहीत. त्यामुळे रात्री डबीत थेंब भरून लेन्स ठेवणे चुकीचे आहे, तसेच दिवसा डोळा कोरडा वाटला म्हणून बाटलीतले सोल्युशन डोळ्यांत टाकणेही चुकीचे आहे. रोज नवी लेन्स घालून रात्री फेकून देणाऱ्यांना सोल्युशन लागत नाही, थेंब मात्र लागू शकतात. अशी एक दिवसाची लेन्स सोल्युशनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालू नये. ती त्यासाठी बनवलेलीच नसते.

2. मेडिकलमध्ये सलाईन स्वस्त मिळते. तेच वापरले तर?

सलाईन म्हणजे डोळ्यांतील अश्रूंच्या खारटपणाशी जुळणारे मिठाचे निर्जंतुक पाणी. लेन्स घालण्यापूर्वी तिच्यावरचा कण धुऊन काढायला ते उपयोगी पडते, पण त्यात जंतू मारणारा घटक नसल्याने रात्रभर लेन्स त्यात ठेवली तर सकाळी तीच अस्वच्छ लेन्स, किंबहुना अधिक अस्वच्छ लेन्स डोळ्यांत जाते. घरी मीठ आणि पाणी मिसळून केलेले सलाईन तर कोणत्याही कामासाठी वापरू नये. 1980 च्या दशकात अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांमध्ये अकॅन्थअमिबा या सूक्ष्मजीवाचा डोळ्यांचा संसर्ग एकाएकी वाढला, तेव्हा त्याचा संबंध घरी तयार केलेल्या सलाईनशी लागला होता.

3. दुकानात इतक्या बाटल्या असतात. माझ्यासाठी कोणती, हे कसे ठरवायचे?

सर्वांत आधी लेन्सचा प्रकार पाहावा. पंधरा दिवसांची किंवा महिन्याची सॉफ्ट लेन्स असेल तर बहुतेकांना मल्टिपर्पज सोल्युशन पुरते. एकाच द्रवाने चोळणे, धुणे, निर्जंतुक करणे आणि साठवणे ही चारही कामे होतात. सेमी-सॉफ्ट (सॉफ्टपेक्षा कडक, ऑक्सिजन आत जाऊ देणारी) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्सचे नियम वेगळे आहेत, त्यासाठी प्रश्न 13 पाहावा.

प्रकार ठरल्यावर बाटलीच्या मागच्या बाजूला छापलेले घटक वाचावेत. जंतूनाशक म्हणून बहुधा पॉलिक्वाड किंवा पीएचएमबी यांपैकी काहीतरी असते. दोन्ही चांगले काम करतात, परंतु एखाद्याच्या डोळ्याला एक मानवते आणि दुसरे टोचते. ज्यांना यांपैकी कशानेही जळजळ होते त्यांच्यासाठी पेरॉक्साइडची पद्धत आहे, तिच्याविषयी प्रश्न 8 मध्ये लिहिले आहे. सिलिकॉन हायड्रोजेलच्या (जास्त ऑक्सिजन आत जाऊ देणाऱ्या सॉफ्ट) लेन्सवर स्निग्ध थर लवकर बसतो, तर जास्त पाणी धरणाऱ्या काही जुन्या प्रकारच्या सॉफ्ट लेन्सवर अश्रूंतील प्रथिने साचतात; म्हणून शेजारणीला आवडलेले सोल्युशन आपल्याला आवडेलच असे नाही. माझे मत विचाराल तर लेन्स बसवून देणाऱ्याने पहिल्या दिवशी जे सोल्युशन लिहून दिले, त्याचे नाव आणि घटक यांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा आणि तक्रार नसेल तर तेच चालू ठेवावे.

4. आमच्याकडे आरओ आहे. त्या पाण्याने, किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने लेन्स धुतली तर चालेल ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर कोणत्याही पाण्यासाठी तेच आहे, मग ते नळाचे असो, बोअरचे, विहिरीचे, आरओचे किंवा सीलबंद बाटलीचे. पिण्यायोग्य पाणी आणि निर्जंतुक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे पाणी पोटाला चालते त्यात अकॅन्थअमिबा असू शकतो. हा एकपेशीय जीव पाणी आणि माती दोन्हींत सर्रास आढळतो, प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो आणि त्या अवस्थेत क्लोरीनलाही सहसा दाद देत नाही. लेन्सला चिकटून तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यापर्यंत, म्हणजे कॉर्नियापर्यंत पोहोचला तर अतिशय वेदनादायक संसर्ग होतो, उपचार महिनोन्महिने चालतात आणि काहींना कॉर्नियाचे रोपण करावे लागते.

पाणी उकळल्याने जंतू मरतात हे खरे. परंतु ते गार होताना, भांड्यात ओतताना आणि हाताळताना पुन्हा दूषित होते. शिवाय साध्या पाण्यात अश्रूंइतका खारटपणा नसल्याने सॉफ्ट लेन्स ते शोषून फुगते, तिचा आकार बदलतो आणि ती डोळ्याला घट्ट चिकटते.

याच कारणासाठी लेन्स घालून पोहू नये. कृष्णेच्या डोहात, माहुलीच्या किंवा हरिपूरच्या संगमावर, विहिरीत किंवा तलावात उतरायचे असेल तर लेन्स आधी काढून ठेवावी. अंघोळीपूर्वीही ती काढावी. हात साबणाने धुऊन, स्वच्छ कोरड्या कापडाने पूर्ण कोरडे करून मगच लेन्सला हात लावावा, कारण ओल्या बोटावरून तेच पाणी लेन्सवर जाते.

5. बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असे लिहिले आहे. तरी चोळायची का?

चोळायचीच. तळहातावर लेन्स ठेवून, सोल्युशनचे तीन-चार थेंब टाकून, बोटाच्या पेराने प्रत्येक बाजू किमान 10 ते 20 सेकंद हळुवार चोळावी आणि मग सोल्युशनच्या धारेने धुवावी. नख लागू देऊ नये. चोळल्याने मळाचा आणि जंतूंचा थर सुटतो, आणि मग उरलेल्यांवर रसायनाला नीट काम करता येते.

या आग्रहामागे इतिहास आहे. 2006 मध्ये फ्युझेरियम बुरशीच्या संसर्गाची प्रकरणे पुढे आल्यावर बॉश अँड लाँबने मॉइश्चरलॉक असलेले रेन्यू हे सोल्युशन जगभरातून मागे घेतले, आणि 2007 मध्ये अकॅन्थअमिबाच्या संसर्गामुळे ॲडव्हान्स्ड मेडिकल ऑप्टिक्सने कम्प्लीट मॉइश्चरप्लस परत बोलावले. ही दोन्ही उत्पादने आता बाजारात नाहीत. त्या घटनांनंतर लेन्स चोळणे, धुणे आणि रोज नवे सोल्युशन वापरणे यांवर पुन्हा भर दिला जाऊ लागला.

6. एक बाटली किती दिवस पुरायला हवी?

माझा ढोबळ हिशेब असा आहे. डबीच्या दोन्ही खणांत मिळून 6 ते 7 मिलिलिटर सोल्युशन मावते आणि चोळण्या-धुण्यात आणखी 3 ते 4 मिलिलिटर जाते, म्हणजे दिवसाला सुमारे 10 मिलिलिटर. या हिशेबाने 120 मिलिलिटरची बाटली साधारण बारा दिवस पुरते.

मागे विट्याकडची एक विद्यार्थिनी दोन महिने पुरवलेली 120 मिलिलिटरची बाटली घेऊन आली होती. आईच्या काटकसरीचे संस्कार तिने मनापासून पाळले होते. रोज सकाळी लेन्स काढून घेतल्यावर डबीतले सोल्युशन ती तसेच ठेवायची आणि रात्री वरून दोन-चार थेंब घालून खण भरायची. मी डबीचे झाकण उलटे करून दिव्याखाली धरले. आट्यांमध्ये शेवाळ्यासारखा बुळबुळीत, पांढुरका थर होता आणि कापसाची काडी फिरवली तेव्हा तो तारेसारखा निघाला. तिचे डोळे दोन आठवड्यांपासून सकाळी लाल होत होते. एकदा वापरलेल्या सोल्युशनमधील जंतूनाशक कामी आलेले असते. त्यात नवे थेंब मिसळले की ते पातळ होते, ताजे होत नाही. म्हणून डबी रोज पूर्ण रिकामी करावी आणि पूर्ण ताज्या सोल्युशनने भरावी. पैसे वाचवायचेच असतील तर मोठी बाटली घ्यावी, ती मिलिलिटरच्या हिशेबाने सहसा स्वस्त पडते. मात्र उघडल्यानंतर वेष्टनावर लिहिलेली मुदत, जी पुष्कळ बाटल्यांवर तीन महिन्यांची असते, ती उलटल्यावर उरलेले सोल्युशन फेकावे. बाटली उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावरच लिहावी.

7. डबी कशी धुवायची? आणि किती दिवसांनी बदलायची?

सकाळी जुने सोल्युशन ओतून टाकावे, डबी ताज्या सोल्युशनने खळबळून घ्यावी, स्वच्छ टिश्यूने पुसावी आणि झाकणे उघडी ठेवून टिश्यूवर पालथी वाळवावी. नळाखाली धुवू नये. न्हाणीघरात किंवा बेसिनशेजारी ठेवू नये. दर तीन महिन्यांनी डबी बदलावी, आधी बदलली तर उत्तमच. सोल्युशनच्या अनेक बाटल्यांबरोबर नवी डबी मिळते. ती कपाटात जपून ठेवू नका, वापरायला काढा.

8. पेरॉक्साइडचे सोल्युशन जास्त चांगले असते का? ते डोळ्यांत गेले तर?

जंतू मारण्याच्या बाबतीत ते प्रभावी आहे, आणि त्यात जंतूनाशक म्हणून वेगळे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसल्याने संवेदनशील डोळ्यांना ते बरेचदा मानवते. त्यात 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. सोबत मिळणाऱ्या उभ्या डबीच्या तळाशी प्लॅटिनमचा लेप असलेली चकती असते; तिच्या संपर्काने पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन होतात, बुडबुडे येतात, आणि सुमारे सहा तासांनी उरलेला द्रव डोळ्याला निरुपद्रवी होतो.

धोका घाईत आहे. हे सोल्युशन साध्या चपट्या डबीत भरले, सहा तासांआधी लेन्स घातली, किंवा बाटलीतल्या द्रवाने लेन्स धुऊन थेट डोळ्यांत लावली तर डोळा तीव्रपणे भाजल्यासारखा होतो. असे झाल्यास लेन्स ताबडतोब काढावी, डोळा निर्जंतुक सलाईनने आणि ते नसेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि वेदना वा धूसरपणा राहिला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. प्रश्न 4 मध्ये पाण्याला मनाई केली आहे ती लेन्ससाठी. भाजलेला डोळा धुण्यासाठी सलाईनची वाट पाहू नये. ज्या घरात दोघे जण दोन प्रकारची सोल्युशन वापरतात तेथे बाटल्या वेगवेगळ्या खणांत ठेवाव्यात. चकतीचे काम संपल्यावर त्या द्रवात जंतू मारण्याची शक्ती उरत नाही, म्हणून लेन्स त्यात किती दिवस ठेवता येते हे वेष्टनावर वाचावे. गाव लहान असेल तर हे सोल्युशन दुकानात नेहमी मिळेलच असे नाही. संपण्याच्या आठवडाभर आधी मागवून ठेवावे.

9. दुकानदाराने ‘ते नाही, हे घ्या, सारखेच आहे’ म्हणून दुसरे सोल्युशन दिले. वापरू का?

‘सारखेच’ हा शब्द येथे पुरेसा नाही. काही सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आणि काही सोल्युशन यांची जोडी जमत नाही. लेन्स सोल्युशनमधला घटक शोषते आणि डोळ्यांत सोडते, त्यामुळे कॉर्नियाच्या वरच्या पेशी दुखावतात आणि तपासणीसाठी डोळ्यांत घातलेल्या रंगात त्यावर ठिपके दिसतात. रुग्णाला कधी फक्त कोरडेपणा जाणवतो, कधी काहीच जाणवत नाही. अडचणीत काही दिवस दुसरे मल्टिपर्पज सोल्युशन वापरावे लागले तर वापरा, पण लेन्स बसवून देणाऱ्याला फोन करून विचारा आणि दोन सोल्युशन एकत्र मिसळू नका. मोठ्या बाटलीतले सोल्युशन प्रवासासाठी दुसऱ्या छोट्या बाटलीत ओतूनही नेऊ नये. ती बाटली निर्जंतुक नसते.

10. लेन्सवर टाकायचे थेंब कोणते निवडावेत?

वेष्टनावर ‘कॉन्टॅक्ट लेन्सवर वापरण्यास योग्य’ असा उल्लेख शोधावा. अशा थेंबांत बहुधा सोडियम हायल्युरोनेट, कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा पोव्हिडोन यांसारखा ओलावा धरणारा घटक असतो. त्याच औषधाचे साधे थेंब आणि लेन्ससाठीचे थेंब यांत फरक बऱ्याचदा परिरक्षकाचा असतो. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे डोळ्यांच्या थेंबांतील फार प्रचलित परिरक्षक आहे. सॉफ्ट लेन्स ते शोषून घेते आणि दिवसभर कॉर्नियावर थोडे थोडे सोडते. म्हणून हे नाव दिसले तर ते थेंब लेन्सवर टाकू नयेत. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षकविरहित, एका वेळेच्या छोट्या कुप्या घ्याव्यात. कुपी उघडल्यावर उरलेले थेंब संध्याकाळसाठी ठेवू नयेत. दाट जेल आणि मलम लेन्सवर चालत नाहीत. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये.

11. लाली घालवणारे थेंब, गुलाबजल किंवा आयुर्वेदिक थेंब लेन्सवर टाकावेत का?

यांपैकी काहीही लेन्सवर टाकू नये. लाली घालवणाऱ्या थेंबांतील नॅफॅझोलिनसारखे औषध रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचित करते. डोळा पांढरा दिसतो, लालीचे कारण मात्र तसेच राहते आणि सुरू झालेला संसर्ग झाकला जातो. घरातल्या मोठ्या माणसांनी प्रेमाने सुचवलेले गुलाबजल किंवा मध डोळ्यासाठी निर्जंतुक केलेले नसते.

12. दुपारनंतर डोळे इतके कोरडे पडतात की दिवसातून आठ-दहा वेळा थेंब टाकतो. हे ठीक आहे का?

थेंबांनी आराम मिळतो हे चांगले, पण इतक्या वेळा लागत असतील तर कारण शोधले पाहिजे. पहिले कारण सोल्युशन असू शकते, प्रश्न 9 पाहावा. दुसरे कारण जुनी झालेली लेन्स; महिन्याची लेन्स पन्नास दिवस चालवली की तिच्यावरचा थर कोणत्याही थेंबांनी जात नाही. तिसरे कारण हवा आणि सवय. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर किंवा कासला दुचाकीवरून गेलात तर वाऱ्याने अश्रू झपाट्याने उडून जातात, तेथे हेल्मेटची काच खाली घेणे हाच थेंबांइतका मोठा उपाय आहे. माण-खटावचा उन्हाळा आणि एसी गाडीतला प्रवास यांनीही हेच होते. संगणकासमोर पापण्यांची उघडझाप कमी होते. आणि काहींच्या पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथीच नीट काम करत नसतात. त्यांना लेन्सपेक्षा पापण्यांच्या उपचाराची गरज असते, ती तपासणीशिवाय कळत नाही.

बाटल्या दुचाकीच्या डिकीत ठेवण्याची सवय मात्र मोडावी. बहुतेक थेंब आणि सोल्युशन 25 किंवा 30 अंशांखाली ठेवायचे असतात, आणि सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते.

13. माझी लेन्स सेमी-सॉफ्ट आहे. भावाचे सॉफ्ट लेन्सचे सोल्युशन वापरता येईल का?

सेमी-सॉफ्ट, म्हणजे आरजीपी लेन्सचा पृष्ठभाग वेगळा असतो आणि तिच्यासाठी वेगळे, किंचित दाट सोल्युशन मिळते, जे लेन्सला ओलसर उशीसारखा थर देते. ते सोल्युशन सॉफ्ट लेन्ससाठी वापरू नये, आणि बाटलीवर दोन्हींचा उल्लेख नसेल तर उलटही करू नये. पूर्वी ही लेन्स नळाखाली धुण्यास सांगत असत; आता तो सल्ला दिला जात नाही.

स्क्लेरल लेन्स हा खरा अपवाद आहे. केरॅटोकोनससाठी (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजारासाठी) अनेकांना ती दिली जाते. ती घालण्यापूर्वी तिची वाटी द्रवाने काठोकाठ भरावी लागते आणि तो द्रव दिवसभर कॉर्नियाला लागून राहतो, त्यामुळे तेथे फक्त परिरक्षकविरहित निर्जंतुक सलाईन चालते. मल्टिपर्पज सोल्युशन त्या वाटीत भरू नये. साठवण्याच्या सोल्युशनमध्ये ठेवलेली लेन्स सकाळी त्याच सलाईनने धुऊन मग भरावी.

14. हळदीच्या अडतीवर काम करतो. लेन्स पिवळी पडली, सोल्युशनने निघेल का?

नाही, सॉफ्ट लेन्सने शोषलेला रंग कोणत्याही सोल्युशनने निघत नाही; ती फेकावी. मार्केट यार्डात सौदे चालू असताना पोत्यांतून उडणारी भुकटी लेन्सखाली गेली तर थेंबांनी ती निघत नाही, लेन्स काढून चोळून धुवावी लागते. धुळीच्या वेळी चष्मा घालावा, तो भुकटीही अडवतो. गळीत हंगामात कारखान्यांच्या आसपास राख आणि बगॅसचे कण उडतात, त्यांनाही हेच लागू आहे. मिरची किंवा हळद हाताळल्यावर हात साबणाने दोनदा धुवावेत आणि त्या दिवशी लेन्स काढण्याआधी तिसऱ्यांदा धुवावेत.

15. लग्नासाठी फक्त दोन दिवस रंगीत लेन्स हवी आहे. तरी सोल्युशन लागेल का?

लागेल. नंबर नसलेली रंगीत लेन्सही डोळ्याला तशीच चिकटून असते. पार्लरमध्ये एकीने वापरलेली लेन्स दुसरीला लावली जाते, हे मी पाहिले आहे आणि त्यावर कोणतेही सोल्युशन उपाय नाही. लेन्स वाटून वापरू नये. डोळे तपासून, मापाची लेन्स घ्यावी आणि हळदी लावण्याच्या कार्यक्रमात ती काढून ठेवावी.

16. मी महिन्यातून दोन-तीनदाच लेन्स घालतो. डबीत पडून राहिली तर?

किती दिवस चालते हे सोल्युशनच्या वेष्टनावर लिहिलेले असते आणि उत्पादनागणिक ते बदलते. साठवण्याची ती मुदत संपली असेल तर घालण्यापूर्वी ताज्या सोल्युशनमध्ये पुन्हा पूर्ण वेळ निर्जंतुक करावी. महिन्याच्या लेन्सची मुदत पाकीट उघडल्यापासून मोजली जाते, घातलेल्या दिवसांवरून नाही. आपल्यासारख्यांना एक दिवसाची लेन्स बहुधा स्वस्तही पडते.

17. प्रवासात किंवा पुरात सोल्युशन संपले तर?

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत दुकाने पाण्यात गेली आणि नातेवाइकांकडे हलवलेल्या अनेकांकडे ना सोल्युशन होते ना चष्मा. अशा वेळी लेन्स काढून फेकावी. ती पाण्यात, थुंकीत किंवा दुधात ठेवू नये, आणि डोळ्यांत ठेवून झोपूही नये. यासाठी चालू नंबराचा चष्मा जवळ हवा. पावसाळ्याच्या तयारीत कागदपत्रांच्या पिशवीत चष्मा आणि एक सीलबंद बाटली ठेवावी.

18. काचबिंदूचे थेंब किंवा क्षयरोगाचे औषध चालू आहे. लेन्सवर काही परिणाम होतो का?

काचबिंदूच्या अनेक थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. डॉक्टरांनी लेन्सला परवानगी दिली असेल तर लेन्स काढून थेंब टाकावेत आणि किमान 15 मिनिटांनी लेन्स घालावी. क्षयरोगासाठी दिले जाणारे रिफॅम्पिसिन लघवीप्रमाणे अश्रूही नारिंगी करते आणि सॉफ्ट लेन्स कायमची रंगते. त्यासाठी औषध बंद करू नये. उपचार संपेपर्यंत चष्मा वापरावा.

19. डोळा लाल झाला आहे. सोल्युशन बदलू की थेंब वाढवू?

दोन्ही नको. आधी लेन्स काढा. लेन्स काढल्यावरही वेदना, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे किंवा चिकट स्राव असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. मिरज, सांगली, सातारा, कराड येथे ते उपलब्ध आहेत. मेडिकलमधून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नका, बुरशीचा किंवा अकॅन्थअमिबाचा संसर्ग असल्यास त्याने आजार बळावतो. काढलेली लेन्स, डबी आणि सोल्युशनची बाटली फेकू नका, डबी धुऊही नका; ती जशी आहे तशी पिशवीत घालून सोबत न्या, कारण डोळ्यातला जंतू ओळखण्यासाठी प्रयोगशाळेला त्यातला नमुना लागू शकतो.